पुरात बुडालेली १९७० ची जावा मोटारसायकल घरच्या घरी कशी उभी करावी

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९७० ची जावा २५० बडोद्यात कारेलीबागच्या घरात जिन्याखाली उभी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली आणि गाडी टाकीपर्यंत तीन दिवस पाण्यात राहिली. नंतर तुम्ही ती पुसून, वर ताडपत्री घालून ठेवली. आता किक खालीच जात नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे, म्हणजे जावावाल्यांचा दिवस असतो, तेव्हा ती काढायचा तुझा बेत आहे, आणि रंग आधी करू की इंजिन, हे तू विचारतोयस.

जुलै विसर. म्हणजे या वर्षीचा विसर. माझी पहिली जावा मी चौदा महिन्यांत उभी केली, आणि तेव्हा मी मकरपुऱ्याच्या टूलरूममध्ये नोकरीला होतो, लेथ आणि प्रेस हाताशी होते. तुझ्याकडे अंगण आणि रविवार आहेत.

आणि आजपासून त्या किकला पाय लावायचा नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जावा दिसली की किक मारून बघायची हुक्की येते, तर लिव्हरला एक चिठ्ठी बांधून टाक. कारण असं आहे. तुझी गाडी टू-स्ट्रोक. बुलेटच्या इंजिनात ऑइल वेगळं असतं, त्याचा थर बेअरिंगवर थोडा तरी टिकतो. जावात पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑइल क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँक ज्या पेटीत फिरतो तिच्यातूनच, वर जातं, बेअरिंगला मिळतं ते तेवढंच. पुराचं पाणी कार्ब्युरेटरमधून आणि दोन्ही सायलेन्सरमधून थेट क्रँकपर्यंत गेलं असणार, आणि सोबत विश्वामित्रीचा गाळ. तो गाळ वाळला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा होतो. जोर लावून इंजिन फिरवलंस तर सिलिंडरला उभे ओरखडे पडतील, आणि बिग एंडचे, म्हणजे पिस्टन-क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या (कॉनरॉडच्या) खालच्या टोकाचे रोलर गंजाच्या खड्ड्यांवरून फिरून उरलासुरला कॉनरॉडही संपवतील. तीन दिवसांच्या पाण्यानं जेवढं बिघडलं, त्याहून जास्त त्या ताडपत्रीखालच्या दीड वर्षानं बिघडवलं आहे. ओल आत कोंडली. ताडपत्री आजच काढ.

पाना हातात घेण्याआधी कागद काढ. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते आता नसतील, तर वारसाहक्कानं नाव बदलायचा फॉर्म ३१ असतो. नोंदणीची मुदत संपली असेल तर फॉर्म २५. आरसीवरचा फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघ. नंबरावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासू नकोस, रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश पुरे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीही मिळते, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. तुला रविवारी सकाळी शेवउसळ खायला गाडी काढायची असेल तर साधं नूतनीकरण बरं. कुठलाही मार्ग घे, फ्रेम आणि इंजिन बदललेलं चालणार नाही. ‘ती फ्रेम गंजलीय, माझ्याकडे दुसरी पडलीय’ असं सांगणारा कोणी ना कोणी तुला भेटेलच. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. रंग आधी की इंजिन, यावर माझं मत असं की इंजिनाच्या आत जरा हात सैल सोडायचा आणि बाहेर एकदम कंजूष व्हायचं. लोक नेमकं उलट करतात. इंजिनात जुनं बेअरिंग ‘अजून चालेल’ म्हणून ठेवतात आणि बाहेर वडिलांच्या हातचा सगळा रंग खरवडून गाडी लग्नातल्या घोड्यासारखी सजवतात. आत कोणी बघत नाही, पण गाडी थांबते ती आतल्यामुळे.

सोडवायला सुरुवात करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढ, केबली कुठून कशा वळल्यात त्याचे तर खास काढ. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली. बॉलपेनची शाई रॉकेलनं जाते, हे मी एका रात्री बावीस पिशव्या ओळखत बसून शिकलो. जावा चेक घराण्याची, त्यामुळे सगळे आटे मेट्रिक. जुन्या बुलेटसारखे व्हिटवर्थ पाने शोधत फिरावं लागत नाही, ही मोठी सोय. इंजिनाच्या कव्हरांचे स्क्रू मात्र चपट्या खाचेचे असतात आणि पन्नास वर्षांत कोणीतरी ते बिघडवलेले असतातच. हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घे. आधी दोन दिवस डिझेल सोड, मग स्क्रूच्या डोक्यावर सरळ दोन ठोके, मग ड्रायव्हर. सायलेन्सरचे पाइप सिलिंडरला मोठ्या आट्याच्या रिंगनटनं बसवलेले असतात, त्यांना हुक पानाच हवा. छिन्नी-हातोडी लावलीस तर बिडाच्या सिलिंडरचे आटे जातील आणि तो आटा पुन्हा बनवून देणारा मला तरी बडोद्यात एकच माणूस माहीत होता, तोही आता हयात नाही.

अडकलेला पिस्टन. प्लग काढून त्या भोकातून अर्धं ॲसिटोन आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल असं मिश्रण ओत. रोज थोडं थोडं, आठवडाभर. हेड काढल्यावर सिलिंडरला बाहेरून गॅसच्या टॉर्चनं गरम कर आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोक. पण ॲसिटोन पेट घेतं, म्हणून टॉर्च लावण्याआधी मिश्रण पूर्ण उपसून, पुसून, एक रात्र उघडं ठेव. कोणीतरी तुला ग्रीस गननं पिस्टन बाहेर ढकलायची युक्ती सांगेल. ती बुलेटला चालते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच पोर्ट असतात, ग्रीस तिथून निघून जातं आणि मग ते पुसण्यात तुझे चार रविवार जातात.

सिलिंडर निघाला की खाली डोकावून कॉनरॉडकडे बघ. तांबूस दिसला की पुढचा विचार करायचाच नाही, क्रँक बाहेर काढायचा. वरून ऑइल सोडून, हलवून ‘मोकळा झाला’ म्हणत सिलिंडर परत बसवणारे मी पाहिलेत. दोनशे किलोमीटर चालतात त्या गाड्या. क्रँककेस मधोमध उभी उघडते, आणि गिअरबॉक्स त्याच केसमध्ये असल्यामुळे तोही आपोआप उघडतो. उजवीकडे डायनामोचं आर्मेचर, डावीकडे क्लच आणि प्रायमरी चेनचं स्प्रॉकेट. दोन्ही पुलरनंच काढायचे. केसचे दोन भाग स्क्रू-ड्रायव्हर घुसवून उघडू नकोस. त्या जागी ओरखडा पडला की तिथून हवा ओढली जाते आणि ती गळती शोधण्यात आयुष्य जातं. केस गरम कर. गरम किती? थुंकीचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे. तेवढ्यावर बेअरिंग स्वतःच्या वजनानं सुटतं. नवीन बसवताना उलटं, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये आणि केस गरम. हातोडी लागलीच तर समजायचं की केस पुरेशी तापली नाही. क्रँकची बेअरिंग सी-३ खुणेचीच घे, त्यात आतली मोकळीक जरा जास्त असते, इंजिन तापल्यावर ती लागते. दुकानदार साधी देईल आणि ‘सगळी सारखीच’ म्हणेल.

क्रँकचं काम घरी होत नाही. तो दाबून जोडलेला असतो. नवीन पिन, रोलर आणि कॉनरॉड घालायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि नंतर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून सरळ करावा लागतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, हे करणारे आहेत, पण काम देऊन घरी जाऊ नकोस. ‘थई जशे, काका’ (होऊन जाईल, काका) हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. समोर उभा राहा आणि डायलचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तीस मायक्रॉनच्या आत फिरला पाहिजे, वीसच्या आत आला तर कारागिराला समोसा खिलव. त्याहून जास्त असेल तर हँडलमध्ये अशी थरथर येईल की लांबच्या प्रवासात बोटं बधिर होतील, आणि तू कार्ब्युरेटर, टायर, इंजिनाच्या बोल्टांना दोष देत बसशील.

सिलिंडर बोअर करायला देताना पिस्टन आधी विकत घे आणि हातात दे. मूळ बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात. बोअर करणारा पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करेल, पेटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे नाही, एवढं पक्कं कर, कारण हल्लीच्या पेट्यांवरचा आकडा आणि आतला पिस्टन यांची गाठ क्वचित पडते. घरी आणल्यावर सगळ्या पोर्टच्या कडा बोटानं चाचप. बोअर केल्यावर त्या कडा सुरीसारख्या होतात. बारीक कानशीनं आणि मग पॉलिशपेपरनं त्यांची धार मोडली नाहीस तर रिंग पहिल्याच दिवशी तिथे अडकून तुटते. रिंगचं तोंड पिस्टनवरच्या छोट्या खुंटीवरच आलं पाहिजे. सिलिंडर खाली सरकवताना हे तपासायचं, जोर लावायचा नाही. नुसत्या बोटांच्या दाबानं जात नसेल तर काहीतरी चुकलंय.

क्रँकची दोन ऑइल सील हा या इंजिनाचा प्राण आहे आणि लोक सर्वांत कमी पैसे तिथेच घालतात. क्लचकडचं सील गेलं तर क्रँककेस गिअरबॉक्सचं ऑइल ओढते. सायलेन्सरमधून ढग निघतात आणि गिअरऑइल ‘कुठे जातंय’ कळत नाही. डायनामोकडचं गेलं तर बाहेरची हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी ओरडत राहते आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं. दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं सील घेऊ नकोस. सीलचा ओठ नखानं दाबून बघ, लगेच परत यायला हवा.

इथे माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या गाडीच्या वेळी क्रँककेस चकचकीत दिसावी म्हणून मी ती सँडब्लास्टिंगला दिली. आली तेव्हा नव्या भांड्यासारखी होती. तीन वेळा धुतली, हवा मारली, जोडली. बेअरिंगला ऑइल पोचवणाऱ्या बारीक भोकात वाळूचे कण राहिले होते. गाडी सुरू झाली, दीड आठवडा चालली आणि मग आतून खडखड. सगळं पुन्हा. ब्लास्टिंगवाल्याची चूक नव्हती, त्याला सांगायचं मला सुचलं नाही. केस रॉकेल, ब्रश आणि साबणाच्या गरम पाण्यानं धुवायची. जरा मळकट राहिली तर राहू दे.

टाकी. तुझ्या टाकीच्या बाजू क्रोमच्या आहेत, गुडघ्याला रबर, वर मरून रंग आणि सोनेरी रेघ. आत गंज भरलेला असणार. ॲसिडच्या पिंपात बुडवून देणाऱ्याकडे देऊ नकोस, बाहेरचं क्रोम आणि रंग दोन्ही जातील. आतलं काम आतूनच कर. नळाची जागा बंद करून टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भर. झाकणाच्या भोकातून एक लोखंडी सळई आत सोड, पण ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. बॅटरी चार्जरचं पॉझिटिव्ह सळईला, निगेटिव्ह टाकीला. दोन-तीन दिवसांत गंज सुटतो. स्टेनलेस स्टीलची सळई वापरायची नाही, त्यानं पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजनही निघतो, म्हणून हे अंगणातच, आणि शेजारी कोणी विडी ओढत नाही ना ते बघ. धुवून झाल्यावर लगेच वाळव आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरव, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

पेट्रोलचंही बोलू. १९७० मध्ये इथेनॉल नव्हतं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं, जुनं रबर फुगवतं, नळातला कॉर्क कुजवतं. पाइप आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घे. कार्ब्युरेटरची मेन जेट एक पायरी मोठी लागेल, प्लगचा रंग बघून ठरव, विटकरी हवा, पांढरा नको. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालव. ऑइल एका लिटरला ४० मिली, म्हणजे पंचवीसास एक. नवं ऑइल चांगलं असतं म्हणून पन्नासास एक सांगणारे ऐकू नकोस, निदान हा क्रँक नवा असताना नाही.

डायनामो गाळानं भरला असेल तर घाबरू नकोस. स्वच्छ पाण्यानंच धू, हो, पाण्यानं, मग आठवडाभर बडोद्याच्या उन्हात ठेव. एप्रिल-मे असेल तर चारच दिवस. मग वाइंडिंगवाल्याकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघ. कम्युटेटरच्या (कार्बन ब्रश घासतात त्या भागाच्या) तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक-सॉच्या तुटक्या पात्यानं थोडा खाली कोरायचा आणि कार्बन ब्रश नवे घालायचे. सहा व्होल्टचं सहाच ठेव. बॅटरी मात्र धडधाकट हवी, या गाडीचा स्पार्कच बॅटरीवर आहे. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट ०.४ मिमी, आणि टायमिंग लावताना पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. तो ज्या क्षणी सुटतो तिथे पॉइंट उघडतात. त्या क्षणी पिस्टन किती खाली आहे ते प्लगच्या भोकातून डेप्थ गेजनं मोजून मॅन्युअलशी जुळव.

ब्रेक उघडताना तोंडावर मास्क आणि ड्रमवर ओलं फडकं. त्या काळच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. कॉम्प्रेसरची हवा तिथे मारायची नाही, अंगणात मुलं खेळत असताना तर मुळीच नाही. टायर सव्वातीन-सोळा, जुने कितीही बरे दिसले तरी फेक.

आणि आता रंग. तू पाठवलेल्या फोटोत टाकीवरची सोनेरी रेघ डावीकडे अजून शाबूत दिसते. ती हातानं ओढलेली आहे, लांब केसांच्या ब्रशनं, एका दमात. आज स्टिकर लावतात आणि लोकांना फरक कळत नाही, मला कळतो. मवाळ साबण, पाणी, मऊ फडकं, मग मेण. कंपाउंड अगदी थोडं, रेघेवर अजिबात नाही. जिथे पत्रा उघडा पडलाय तिथेच मरून रंग ब्रशनं लाव. उजव्या मडगार्डवर जो पोचा आहे तो ठोकून काढण्याआधी आईला विचार, तो कधी पडला ते. माझ्या एका गिऱ्हाइकानं असाच पोचा काढला आणि मग आईनं सांगितलं की तो लग्नानंतरच्या पहिल्या पावसात, सुरसागर तळ्यापाशी पडला होता. क्रोम पूर्ण उडालं असेल तर तेवढेच भाग परत करून घे, पण देताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढ आणि नग मोजून लिहून दे. क्रोमवाल्यांकडे बारीक सामान हरवतं, आणि जावाचं बारीक सामान म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यापासून शोधूनच मिळतं. शुक्रवारीच्या जुन्या बाजारात कधीकधी सोनं सापडतं, पण खोटं सोनं जास्त. जुना भाग आणि बाजारात मिळणारा नवा भाग शेजारी ठेवून बघ. निम्म्या वेळा घासलेला जुनाच पत्र्यानं जाड निघतो. म्हणून काढलेलं काहीही फेकायचं नाही, गाडी हजार किलोमीटर चालेपर्यंत.

सुरू करायची वेळ येईल तेव्हा मला बोलाव. किक आणि गिअरची लिव्हर एकच, ती आत दाबून किकला फिरवायची आणि सुरू झाल्यावर तीच गिअरला, हे तुला माहीत असेलच. पण गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो त्याची मोकळीक बसवणं हातानं दाखवावं लागतं, लिहून कळत नाही. पहिली दहा मिनिटं धूर येईल, तो असेंब्लीच्या ऑइलचा असतो. त्यानंतरही थांबला नाही तर क्लचकडचं सील आधी बघू.

तोपर्यंत या रविवारी दोनच कामं कर. प्लग काढून ते मिश्रण सोडायला लाग, आणि हेडलाइट उघड. पुरातल्या गाड्यांच्या हेडलाइटच्या वाडग्यात हमखास चिखल साठलेला असतो, आणि वायरिंगचे सगळे जोड त्याच्यातच असतात.